निवृत्तीनंतर राजूरलाच राहायचे का? गाव पारखण्याची रीत

कोळसा खाणीतली नोकरी वयाच्या ६० व्या वर्षी संपते आणि क्वार्टरची किल्ली कंपनीला परत द्यावी लागते. वणी तालुक्यातल्या राजूर कॉलरीत आणि आसपासच्या खाणवसाहतींत 'आता राहायचे कुठे?' हा प्रश्न सतत कुणाच्या ना कुणाच्या घरात चालू असतो. कुणाचे मूळ गाव छत्तीसगडात, कुणाचे तेलंगणात, कुणाचे उत्तर प्रदेशात. तिथले घर भावांनी केव्हाच वाटून घेतलेले. मुले पुण्याला नाहीतर नागपूरला. मग सात-आठ जण मिळून ठरवतात, इथेच शेजारी शेजारी प्लॉट घेऊ, एकमेकांना सोबत होईल. शहरातले बिल्डर ज्याला 'ज्येष्ठांची वसाहत' म्हणतात, ती हीच. फरक इतकाच की तिथे गाव पारखण्याचे काम बिल्डर करतो, किंवा निदान केल्याचे सांगतो. इथे ते आपल्यालाच करायचे असते.

गाव बघायला जाताना एक पथ्य पाळा. आज आपण ६० चे आहोत, चालते-फिरते आहोत, गाडी चालवतो. हे घर मात्र आपल्याला ८० व्या वर्षी, मे महिन्यात, रात्री दोन वाजता उपयोगी पडले पाहिजे. बहुतेक जण दिवाळीनंतरच्या गारव्यात जागा बघतात आणि तिथेच भुलतात.

सुरुवात कागद-पेन्सिलीने करा. सोबत राहणाऱ्या प्रत्येकाचे वय, आजार, चालू औषधे, गाडी कोण चालवतो आणि जोडीदार गेल्यावर एकट्याने राहण्याची तयारी आहे का, हे लिहून काढा. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण तो नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळा विचारा. उत्तरे पुष्कळदा निराळी येतात.

आता जमीन. खाणीच्या गावात जमिनीची पारख वरून नव्हे, खालून सुरू होते. राजूरची खाण १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाच्याही आधीची. भूमिगत खाणीत कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच खांब सोडतात आणि वरचे छत त्यांच्यावर तोलून धरतात. वर्षे गेली की कुठे खांब झिजतात, कुठे पोकळीत पाणी भरते, आणि वरची जमीन खचू शकते. प्लॉट जुन्या कामाच्या वर येतो का, हे वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, क्षेत्रीय कार्यालयातल्या सर्वेक्षण विभागात खाणीच्या नकाशावरून कळते. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. गट क्रमांक लिहून लेखी अर्ज करा, पोच घ्या, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात विचारा.

दुसरा धोका पुढच्या काळातला आहे. कोळशासाठी जमीन घेण्याचा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९५७ पासून आहे. त्यातली तीन कलमे ओळखीची असू द्या. कलम ४ ची अधिसूचना निघाली म्हणजे सरकार खाली कोळसा आहे का ते तपासणार. कलम ७ ची निघाली म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर झाला; हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. कलम ९ ची निघाली म्हणजे संपादन जाहीर झाले. कलम ४ आणि ७ च्या मधल्या काळात प्लॉट स्वस्तात निघतात आणि विकणारा 'घाई आहे' म्हणतो. वणी परिसरात कुठलाही भाव बाजारापेक्षा फारच खाली दिसला की आधी ही चौकशी करा, मग आनंद माना.

भिंतींना तडे दिसले तर घाबरूनही जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. इथली काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्या मातीवर पाया उथळ घेतला तर खाण नसलेल्या गावातही घर तडकते. तडा सरळ खाली जमिनीत शिरलेला असेल, अंगणातही रेघ उमटली असेल आणि शेजारच्या दोन-तीन घरांतून ती एकाच दिशेने जात असेल, तर मामला पायाचा नसून जमिनीचा असू शकतो. तिथे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग कागद. सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे तिन्ही उतारे काढा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' असे असेल तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, आणि या भागात कोलाम, गोंड, परधान समाजाच्या जमिनी पुष्कळ आहेत, तर महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना ती बिगर आदिवासीला घेता येत नाही. असा व्यवहार पुढे रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते, आणि जावी हेच योग्य. शिवाय विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा लागू आहे. त्याच्या कलम ८९ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. जन्मभर खाणीत काढलेल्याच्या नावावर शेती नसेल तर अकृषक झालेला प्लॉट, म्हणजे शेतीव्यतिरिक्त वापराला परवानगी मिळालेला, किंवा गावठाणातले घर, एवढेच दोन सरळ मार्ग राहतात.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते नोटरीच्या कागदावर. खाणवसाहतीच्या कडेला वर्षानुवर्षे बांधलेली घरे असतात. जागा कंपनीची किंवा सरकारची, घर राहणाऱ्याचे. साध्या स्टॅम्पपेपरवर 'ताबा दिला' असे लिहून ती हातोहात विकली जातात. ग्रामपंचायतीची घरपट्टी आपल्या नावावर झाली की माणसाला मालक झाल्यासारखे वाटते. घरपट्टी ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते. गावठाणातले घर असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका मागा. ड्रोनने गावठाणे मोजून अशी पत्रिका देण्याची ही योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली.

जमीन पसंत पडली तरी इसार देऊ नका. आधी पाणी तपासा.

राजूरच्या आसपास चुनखडक आहे, म्हणून तर इथे चुनाभट्ट्या आल्या. चुनखडकातले पाणी जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. हा त्रास घराचा आहे, जिवाचा नाही. जिवाचा त्रास फ्लोराइडचा. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणी पट्ट्यात हा प्रश्न जुना आहे आणि वणीचा तालुका त्याला लागूनच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर कंबर, मान आणि सांधे ताठरतात. म्हातारपणात याचे निदान हुकते, कारण सांधे दुखायचेच वय म्हणून कोणी पाण्याकडे बघत नाही.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, बाजारातल्या पेनासारख्या टीडीएस मीटरवर विसंबणे. तो पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत याचा अंदाज देतो. त्यात फ्लोराइड किती, ते सांगत नाही. दुसरी, पाणी उकळून प्यायले की झाले असे मानणे. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड तिथेच राहते, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. तिसरी, एकदाच तपासणे. ऑक्टोबरात विहीर भरलेली असते, मेमध्ये तिचा तळ दिसतो आणि पाण्याचा गुण बदलतो. दोन्ही वेळचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा आणि जंतू या चारही तपासण्या सांगून मागा.

पाणी किती, हेही विचारा. खाण चालू असते तेव्हा आतले पाणी सतत उपसले जाते आणि भोवतालच्या विहिरी खाली जातात. शेजाऱ्यांना 'पाणी आहे का' असे विचारले तर सगळे 'आहे' म्हणतात. 'मागच्या मे महिन्यात टँकर किती वेळा आला?' असे विचारा.

हवेची पारख घरच्या घरी करता येते. स्टीलची मोठी थाळी घ्या, तिला खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि संध्याकाळी गच्चीवर ठेवून द्या. सकाळी थाळीवरून पांढऱ्या फडक्याचा कोपरा ओढा. फडके काळे आले तर धूळ कोळशाची. कोळशाची रेल्वे साईडिंग किंवा ट्रकचा रस्ता जवळ आहे. पांढुरके, बोटाला चरचरीत लागणारे आले तर चुन्याची. तपकिरी आले तर साधी रस्त्याची माती. आठवडाभर रोज हे केले की घराच्या कोणत्या बाजूला खिडकी नको, हेही समजते. हा ढोबळ अंदाज आहे, मोजमाप नव्हे. मोजमापासाठी हवेतल्या बारीक धुळीची राष्ट्रीय मर्यादा लक्षात ठेवा: चोवीस तासांची सरासरी, पीएम १० साठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि फुप्फुसात खोल जाणाऱ्या पीएम २.५ साठी ६०. जवळच्या केंद्राचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात.

ऋतू मात्र चुकवू नका. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि धूळ बसलेली असते; तेव्हा भट्टीच्या शेजारचा प्लॉटही हिरवागार, स्वच्छ वाटतो. हिवाळ्यात वारा फिरतो, पहाटेची थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर वर जात नाही. जागा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बघा. ज्यांनी उमर खाणीत काढली आहे त्यांनी इथे जास्तच काटेकोर राहावे. न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने फुप्फुस निबर होण्याचा रोग, नोकरी संपल्यावरही डोके वर काढू शकतो. आधी छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची श्वासाची चाचणी करून घ्या, मग जागा ठरवा. अहवालात काही निघाले तर माझे मत स्पष्ट आहे: भट्ट्या आणि साईडिंगपासून दूर, नाहीतर राजूरबाहेरच.

दवाखान्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांमध्ये मोजा. वणी जवळ आहे, तिथे सरकारी रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आहेत. घुग्घुसला वेकोलिचे राजीव रतन रुग्णालय आहे. मोठ्या इलाजासाठी चंद्रपूरचे वैद्यकीय महाविद्यालय साधारण पन्नास किलोमीटरवर. यवतमाळ आपले जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण ते शंभराहून जास्त किलोमीटर. सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरही तसेच लांब. अर्धांगाच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून प्रश्न 'हॉस्पिटल आहे का?' हा नाही. रात्री सीटी स्कॅन चालू असतो का, तो बघणारा डॉक्टर असतो का, हा आहे. हे रुग्णालयात जाऊन रात्री दहानंतर विचारा. दिवसा मिळणारे उत्तर दिवसाचे असते.

रुग्णवाहिकेचे एक व्यवधान खास राजूरकरांसाठी. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. तिथे बसलेल्या माणसाला राजूर म्हटले तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले राजूर आठवू शकते, जालन्याचे गणपतीचे राजूर आठवू शकते, आणि घाबरलेल्या आवाजात ऐकले तर चंद्रपूर जिल्ह्यातले राजुरा. फोनवर 'राजूर कॉलरी, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ' एवढे पूर्ण म्हणायची घरातल्या सगळ्यांना सवय लावा. तेच ठळक अक्षरांत फोनजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

रस्ताही पावसाळ्यात बघा. वणीहून वरोऱ्याकडे, म्हणजे पुढे नागपूरकडे जाताना पाटाळ्याजवळ वर्धा नदी ओलांडावी लागते. जुलै २०२२ च्या पुरात वणी तालुक्यातल्या कित्येक गावांचा संपर्क तुटला होता. डायलिसिसवरच्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा जावे लागते. त्याला दोन दिवसांचा बंद रस्ताही परवडत नाही.

योजनांची कार्डे काढून ठेवा. कोल इंडियाच्या निवृत्तांसाठी अंशदायी वैद्यकीय योजना आहे; तिच्या यादीत वणी-चंद्रपूरचे कोणते रुग्णालय आहे ते दरवर्षी पडताळा. वयाची सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्डाने बिल भागते. अंतर कमी होत नाही.

घराबद्दल थोडक्यात. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला झोपायची खोली नको आणि स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना मारा. चुना तरी राजूरला दुसरीकडून आणावा लागत नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपले घर त्या सूचनांत बसो वा न बसो, त्यातले मुद्दे उचलण्यासारखे आहेत: व्हीलचेअर सहज जाईल असे ९०० मिलिमीटरहून रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी, संडास-बाथरूममध्ये धरायला दांडी. पायऱ्यांऐवजी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी ठेवा. गवंडी जागा वाचवायला चार-पाच फुटांत उरकतो आणि त्या उतारावरून व्हीलचेअर ढकलणारा घरात कोणी उरत नाही. इन्व्हर्टर घेताना पंख्याचा हिशेब करू नका, ऑक्सिजनच्या यंत्राचा करा. ते तीनशेहून अधिक वॅट खाते.

वीज, पाणी, दवाखाना सगळे जमले तरी गाडी अडते ती माणसांपाशी. म्हाताऱ्या जोडप्याला स्वयंपाकाला, धुण्याला आणि पुढे अंघोळ घालायला कोणीतरी लागते. यवतमाळ जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की कामाला बाई मिळत नाही, कारण वेचणीत मजुरी जास्त पडते आणि त्यात तिचे काही चुकत नाही. ऐन थंडीत, जेव्हा दमा उचल खातो, तेव्हाच घर उघडे पडते. सात-आठ घरे मिळून राहत असतील तर दोन बायकांना बारा महिन्यांचा बांधील पगार देता येतो. एकत्र राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. भजनी मंडळ त्यानंतर.

सकाळी फिरायला जाण्याची वाट आधी ठरवा. खाणीतून काढलेल्या मातीचे, म्हणजे ओबीचे ढिगारे काही वर्षांत झुडपांनी भरतात. त्यात रानडुकरे असतात, आणि वणी तालुक्यात वाघाचा वावर ही बातमी राहिलेली नाही. अंधारात, एकट्याने, त्या बाजूला जाऊ नये. गावातल्या शाळेचे मैदान बरे.

आपसातले करार शेवटी करू असे सगळे म्हणतात आणि ते राहूनच जातात. एक जण वारला आणि मुलाने घर तिऱ्हाइताला भाड्याने दिले तर? सामाईक बोअरची मोटर जळाली तर खर्च कोणी करायचा? हे खरेदीआधी लिहून घ्या. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करणार असाल तर 'देखभाल करण्याच्या अटीवर' ही ओळ त्यात घालाच. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातले कलम २३ त्याच ओळीवर उभे आहे: मुलाने देखभाल केली नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. दाद उपविभागीय अधिकाऱ्यांकडे मागायची, आणि ते कार्यालय वणीतच आहे. कोठे जावे कळेनासे झाले तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

एकत्र राहणे जमते कसे, ते बघायला पुण्याला जायची गरज नाही. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात ज्येष्ठांसाठी 'उत्तरायण' आहे. तिथे इमारतीपेक्षा रोजचा दिनक्रम बघा. जेवण, दवाखाना आणि हाताला काहीतरी काम, तिन्ही चालत जाण्याच्या अंतरात आहेत. आपल्या सात-आठ घरांत यातले काय करता येईल, ते तिथून आल्यावर बोला.

एवढे करून राजूर पसंत पडलेच तर मे ते जानेवारी भाड्याने राहा. ऊन, पूर, वेचणी आणि धूर हे चारही त्यात येऊन जातात.

माझा कौल असा. ज्यांची उमर इथेच गेली, शेजार इथला आहे आणि छाती साफ आहे, त्यांनी राजूरला राहावे. प्लॉट मात्र वणीच्या रस्त्याला, भट्ट्यांपासून आणि जुन्या खाणकामापासून दूर, पक्क्या खरेदीखताचा घ्यावा. ज्याला दमा आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा जो केवळ स्वस्त मिळते म्हणून बाहेरून येतो आहे, त्याने वणी शहरात किंवा वरोऱ्याला घर बघावे. आणि कोणीही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी, पाण्याचा अहवाल आणि खाणीच्या नकाशाचे लेखी उत्तर हातात येईपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नये.